माझे डोळे आले नाहीत त्याची गोष्ट

आमच्या इमारतीत सगळ्या जाणत्या माणसांचे डोळे आले आणि माझे आले नाहीत, हा माझा पहिला गुन्हा. दुसरा गुन्हा असा, की तळमजल्यावरच्या माझ्या दोन खोल्यांत मी पाळणाघर चालवते. या दोन गुन्ह्यांची बेरीज करून आमच्या सेक्रेटरीने तिसरा काढला: साथ माझ्या घरातून निघाली.

मी चौथी शिकलेली बाई आहे. हे सगळं माझ्या हाताने लिहिलंय, नातीने फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. दोन ठिकाणी ती म्हणाली, "आजी, इथे जरा सौम्य लिही." ती दोन ठिकाणं मी आणखी ठसठशीत केली आहेत.

पहिला डोळा तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांचा आला. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण जिन्यात भेटले की अजून आपल्याला काहीतरी समजावून देतात. त्या सोमवारी खाली आले तर उजवा डोळा लालबुंद, पापण्या चिकटलेल्या, कडेला चिपडं. तशा अवस्थेत उभं राहून त्यांनी मला अर्धा तास डोळ्याची रचना सांगितली. मी तीन हात लांब उभी होते. कुणाचे डोळे आले असले की लांब राहावं, रुमाल वेगळा ठेवावा आणि हात धुवावेत, एवढी अक्कल मला रचना न कळताही आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळली आहेत, ती काय रचनेवर?

बुधवारी मास्तरीणबाईंचे आले. शुक्रवारपर्यंत दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी, चौथ्या मजल्यावरची नर्सची सासू आणि खुद्द सेक्रेटरीची बायको. रविवारी आमच्या घरात शिरले ते सूनबाईच्या डोळ्यांतून. सोमवारी माझ्या मुलाचे आले, कारण कितीदा सांगितलं तरी नवरा-बायको एकच टॉवेल वापरतात. संसार इतकाही एकजीव करू नये.

आता हा सेक्रेटरी कोण ते सांगते. हा माणूस कुठल्याशा कचेरीत पस्तीस वर्षं हुकूम लिहीत बसायचा. निवृत्त झाल्यावर हुकूम लिहायची खोड राहिली आणि हुकूम ऐकायला घरचं कुणी राहिलं नाही, म्हणून आम्ही सापडलो. जिन्याखाली, माझ्या दारासमोर, सूचनाफलक आहे. त्यावर हा रोज काहीतरी लावतो. कागद वाया जाऊ नये म्हणून अर्ध्या पानावर लिहितो, आणि त्या अर्ध्या पानात पोथीभर मजकूर बसवायचा म्हणून अक्षर काढतो मुंगीच्या पायाएवढं. त्याचा स्वतःचा सोनेरी काडीचा चष्मा आहे, त्यामुळे त्याला ते दिसतं.

बाकीच्यांना दिसायचं नाही. फलकाखाली उभे राहून लोक एकमेकांना "काय लिहिलंय हो?" विचारत बसायचे, आणि माझी पोरं दुपारची झोपलेली असायची. म्हणून चार वर्षांपूर्वी आमचे हे गेले तेव्हा मी ह्यांचा चष्मा त्या फलकाला लांब दोरीने बांधला. हे छापखान्यात प्रुफं तपासायचे. चष्मा अडीच नंबरचा, चाळिशी उलटलेल्या कुणालाही चालेल असा. जिवंतपणी हे रोज संध्याकाळी फलकापुढे उभे राहून सेक्रेटरीच्या सूचनांमधल्या चुका पेन्सिलीने सुधारायचे. सेक्रेटरी धुमसायचा. तेव्हा ह्यांची त्याहून चांगली आठवण मला सुचली नाही. रंगाऱ्याकडून पत्र्याची पाटी करून घेतली, "वाचकांच्या सोयीसाठी, स्मरणार्थ", आणि काचा पुसायला ह्यांच्या चौकडीच्या सदऱ्याचा तुकडा कडा दुमडून, टीप घालून, त्याच दोरीला बांधला. सगळी इमारत वापरायची. मी सोडून. माझी नजर अडुसष्टाव्या वर्षीही अशी आहे की सुईत दोरा पहिल्या खेपेला जातो. सूनबाईला अजून त्रेचाळीस पूर्ण नाहीत, तर ती डाळ निवडताना ताट हातभर लांब धरते. चष्मा घे म्हटलं तर म्हणते, "इतक्यात नको, म्हातारी दिसेन." माझ्याकडे बघत म्हणते.

तर, डोळे. सेक्रेटरीने सूचना क्रमांक एक लावली: "इमारतीत नेत्ररोगाची साथ असल्याचे निदर्शनास आले आहे." ज्यांचे डोळे आले होते त्यांनी आपले डोळे आले आहेत हे खाली येऊन वाचलं.

मग कारण शोधायला सुरुवात झाली. मास्तर म्हणाले, "पाणी. टाकीचं पाणी. पुस्तकात आहे." कुठल्या पुस्तकात ते सांगितलं नाही. सूचना क्रमांक दोन: टाकी धुणार. दोन दिवस पाणी बंद. डोळे आलेल्या माणसाला दिवसातून दहादा हात धुवायचे असतात, आणि नेमकं तेव्हाच आम्ही नळ बंद करून बसलो. माझ्याकडे अकरा पोरं, त्यांतली तीन लंगोटातली. दोन दिवस मी कोपऱ्यावरच्या बेकरीच्या नळावरून बादल्या वाहिल्या. टाकीतून एक चप्पल निघाली. ती कुणाची यावर सूचना क्रमांक तीन.

शिंपी म्हणाला, "काकू, पाण्याचं काही नाही. कबुतरं. त्यांच्या पंखांतून उडतं ते." सूचना क्रमांक चार: गच्चीला जाळी. जाळी लावणाऱ्यांनी कबुतरं हाकलायच्या आधी जाळी लावली, त्यामुळे सहा कबुतरं आतच राहिली. ती जिन्याच्या दारातून खाली आली आणि त्यांतलं एक सेक्रेटरीच्या घरात शिरून दोन दिवस त्याच्या कपाटावर बसलं. मी मुद्दाम बघायला गेले होते. फार शांत पक्षी होता. त्या घरात इतक्या शांतपणे बसलेलं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही.

नर्सची सासू म्हणाली, "नुसतं बघितलं तरी येतात हो." नर्सच्या सासूने म्हटलं म्हणजे ते वैद्यकीय झालं. सूचना क्रमांक पाच: सर्वांनी काळे चष्मे लावावेत. आमच्या जिन्यात दिवसाही अंधार असतो. आता वीस-बावीस माणसं काळे चष्मे लावून भिंत चाचपत वर-खाली करू लागली. मास्तर आणि शिंपी दुसऱ्या वळणावर एकमेकांवर आदळले आणि कुणाची चूक यावर तिथेच भांडले. पोस्टमन खालून पत्रं टाकून जायला लागला. फलकापाशी आले की हे लोक काळा चष्मा डोक्यावर सरकवायचे, ह्यांचा चष्मा लावायचे, वाचायचे, पाणावलेले डोळे पुसायचे आणि काळा चष्मा पुन्हा नाकावर ओढायचे. मी हे माझ्या दारातून रोज बघत होते. बघत होते म्हणून मला आता जास्त राग येतो, आणि तो कुणाचा येतो ते पुढे कळेल.

सहाव्या सूचनेत मी आले. "साथीचे मूळ लहान मुलांच्या संपर्कात असण्याची दाट शक्यता असून, तळमजल्यावरील पाळणाघराबाबत रहिवाशांनी मते कळवावीत." आणि लोकांनी मतं कळवली. ज्यांच्या मुलांना मी चमच्याने भरवलं, ज्यांच्यातल्या दोघांना मी चालायला शिकवलं आणि आता ते मिशा ठेवून फिरतात, त्यांनी खाली सह्या केल्या. मुलगा म्हणाला, "आई, तू लक्ष देऊ नकोस." मी म्हटलं, "तू सही केलीस का?" तर म्हणाला, "मी विरोधात केली." बघायला गेले तर त्याने सही केली होती आणि पुढे कंसात "विचार व्हावा" लिहिलं होतं. असा हा माझा वाघ.

मी सेक्रेटरीच्या घरी गेले. दार त्यानेच उघडलं. बायकोकडून त्यालाही प्रसाद मिळाला होता, डावा डोळा निम्मा मिटलेला.

"माझ्याकडची पोरं अकरा," मी म्हटलं. "त्यांतल्या दोघांचे डोळे आलेत, दोन्ही मास्तरांची नातवंडं, आणि तीसुद्धा मास्तरांच्या नंतर आठवड्याने. साथ माझ्याकडून निघाली असती तर आधी पोरांना झाली असती की नाही?"

"मावशी, हा तांत्रिक विषय आहे."

"मग त्या नऊ पोरांचे का नाही आले, ते तांत्रिक सांगा."

"आणि तुमचेही आले नाहीत," तो अर्ध्या डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाला. "रोगाचा वाहक स्वतः आजारी पडत नाही, असं असतं."

सत्तरीच्या उंबरठ्यावर आलेल्या बाईला वाहक म्हणाला. मी तिथे उभी राहून एवढंच म्हटलं, की मूळ मी शोधून काढीन आणि तुमच्याच फलकावर टांगीन. बोलले ते शब्दशः खरं झालं, पण तेव्हा मला कुठे ठाऊक होतं.

घरी येऊन बटणांचा डबा काढला. माझ्याकडे प्रत्येक पोराचा हात-तोंड पुसायचा रुमाल वेगळा असतो आणि पोरांना वाचता येत नाही म्हणून प्रत्येक रुमालाच्या कोपऱ्यात वेगळं बटण शिवलेलं असतं. कुणाचं लाल, कुणाचं शिंपल्याचं, कुणाचं कोटाचं. त्यामुळे बटणं भरपूर. फरशीवर खडूने इमारत काढली, प्रत्येक घरात माणसांची बटणं मांडली, ज्याचे डोळे आले त्याचं बटण उलटं. तीन दिवस निरोप्यासारखी वर-खाली करून तारखा गोळा केल्या. उलट्या बटणांत सगळी चाळिशीच्या वरची आधी, मग त्यांची घरची. शाळेत जाणारी पोरं जवळजवळ सगळी सुलटी. वॉचमनही सुलटा. मी तासन्‌तास बघितलं. यात काहीतरी आहे हे कळत होतं आणि काय आहे ते कळत नव्हतं. चौथ्या दिवशी मास्तरांच्या धाकट्या नातवाने दुसरा मजला उचलून तोंडात घातला आणि शिंप्याची बायको गिळली. ती दुसऱ्या दिवशी सुखरूप परत आली, पण तपासाची घडी मोडली.

मग मी म्हटलं, सरकारी माणूस आणावा. आरोग्य कार्यालयात गेले. खिडकीत एक कारकून होता, दोन्ही डोळे पांढरेस्वच्छ, म्हणजे काम करणारा वाटला.

"साथ आली आहे, तपासायला माणूस पाठवा."

"साथ आली आहे हे कुणी ठरवलं?"

"आमच्या इमारतीतल्या सव्वीस लाल डोळ्यांनी."

"अर्ज लागेल. आणि अर्ज रुग्णाने करायचा. तुमचे डोळे आलेत का?"

"नाही."

"मग तुमचा अर्ज कसा घेणार?" तो म्हणाला. "डोळे आल्यावर या."

माझ्या आयुष्यात मला कुणी आजारी पडून या असं सांगितलं नव्हतं. शेवटी बराच वेळ त्या खिडकीसमोरून न हलल्यामुळे त्याने दुसरा मार्ग काढला: रुग्णांची यादी, नाव, तारीख, प्रत्येकाची स्वतःची सही, तीन प्रतींत.

आता माझी हुशारी ऐका. मी ती यादी घेऊन दारोदार हिंडले असते तर बरं झालं असतं. पण सेक्रेटरीच्या नाकावर टिच्चून त्याच्याच फलकावर लावावी असं मला वाटलं. लावली. शेजारी पेन बांधलं. नातीकडून वर बारीक अक्षरात लिहून घेतलं, "कृपया नीट वाचून सही करा, तीनही प्रतींवर." लोक आले. चष्मा लावून नीट वाचलं. तीनदा वाचलं, कारण प्रती तीन. चौदा सह्यांची यादी आठवड्यात तेवीसवर गेली. ज्यांचे आले नव्हते आणि जे फक्त कुणाकुणाची नावं आहेत ते बघायला आले होते, तेही तीन-चार दिवसांत सही करायला आले. मी रोज संध्याकाळी सह्या मोजत होते आणि माझा अर्ज भक्कम होत चालला म्हणून खूष होत होते. मी खूष होते हे इथे लिहिताना हात जड झालाय, पण लिहिते.

अर्ज दिला. त्याच दुपारी सेक्रेटरीने सूचना क्रमांक चोवीस लावली. पाळणाघर बंद करण्याचा ठराव, नियमाप्रमाणे पंधरा दिवसांनी रविवारी सभा.

मी दारात बसून पोरांचे हात धुवून घेत होते. नळापाशी रांग, प्रत्येकाच्या हातात आपापलं बटण. मागे एकीने दुसऱ्याचा रुमाल ओढला आणि तोंड पुसायला लागली. सव्वीस वर्षं जे वाक्य बोलते तेच बोलायला तोंड उघडलं, "दुसऱ्याच्या रुमालाला डोळे पुसलेस तर," आणि पुढचं तोंडातच राहिलं. कारण समोर फलकापाशी रांग होती. मास्तरांनी चष्मा काढला, चौकडीच्या तुकड्याने आधी काचा पुसल्या, मग वाचून पाणी आलेला डोळा पुसला, आणि चष्मा नर्सच्या सासूला दिला. तिने काचा पुसल्या. मग डोळा. शिंप्याला दिला. त्याच्यामागे, इकडे-तिकडे बघत, आमची सूनबाई.

बटणं न मांडता सगळी बटणं उलटी-सुलटी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. चाळिशीच्या वरची. वाचणारी. वॉचमनला सगळं तोंडी सांगतात. पोरं सूचना वाचत नाहीत. मी चष्मा लावत नाही.

सेक्रेटरी जितक्या सूचना लावी तितकी साथ वाढत होती, आणि त्या वाढीला माझ्या हातची टीप घातलेली होती. ह्यांच्या सदऱ्याची.

त्या दुपारी पोरं झोपल्यावर मी कात्रीने दोरी कापली. तुकडा उकळत्या पाण्यात टाकला, चष्मा साबणाने धुतला आणि दोन्ही कपाटात, ह्यांच्या घड्याळाशेजारी ठेवले. कुणाला बोलले नाही. का नाही बोलले? बोलले असते तर सेक्रेटरीने "पाहा, तिच्याच घरातलं निघालं" म्हणून दवंडी पिटली असती. आणि चार वर्षं जी पाटी बघून लोक म्हणायचे, "प्रूफवाले काका गेले पण उपयोगी पडतात," ती पाटी बघून काय म्हणाले असते? सूनबाईला तेवढं बाजूला घेऊन सांगितलं, "चष्म्याच्या दुकानात जा. आजच." ती लाजली. तिला वाटलं मी तिला फलकापाशी पकडलं म्हणून बोलतेय. तसंही होतं.

पुढच्या चार दिवसांत तिघांचे आले. मग कुणाचेच नाही. सहा दिवस, आठ दिवस, दहा. मी दारात बसून मोजत होते.

आणि मग माझ्या घरी मंडळी सांत्वनाला आली. सेक्रेटरी पुढे, मागे मास्तर. तोंडं अशी, की मला वाटलं कुणी गेलं.

"मावशी, मन घट्ट करा," सेक्रेटरी म्हणाला. "काकांचा चष्मा चोरीला गेला."

"बाई गं," मी म्हटलं.

"आमचे मतभेद एका बाजूला. पण काकांच्या आठवणीवर कुणी हात टाकावा, हे या इमारतीला शोभत नाही. आम्ही शोध घेऊच. तोवर सभेत तुम्हाला एक समाधान मिळेल." मास्तरांनी डोळे पुसले. स्वतःच्या बाहीने, एवढी प्रगती होती.

रविवारी जिन्याखाली सभा भरली. मी पाळणाघराची पाटी पुसून, केस नीट बांधून पुढच्या खुर्चीत बसले. सेक्रेटरी ठराव वाचायला उभा राहिला तोच फाटकातून एक किडकिडीत बाई फाइल घेऊन आल्या. आरोग्य निरीक्षक. माझा अर्ज पंधरा दिवस चालत चालत त्यांच्यापर्यंत पोचला होता.

"नवीन रुग्ण किती?" त्यांनी विचारलं.

"गेले अकरा दिवस एकही नाही," सेक्रेटरी छाती काढून म्हणाला. "वेळोवेळी काढलेल्या सूचनांचा परिणाम. आता फक्त मूळ उपटायचं बाकी आहे. पाळणाघर."

"ते कधी बंद केलंत?"

"अजून चालूच आहे, म्हणून तर ही सभा."

"चालू असताना साथ थांबली," त्या बाई फाइलमध्ये लिहीत म्हणाल्या, "मग ते बंद कशासाठी करताय?"

सेक्रेटरीने ठरावाच्या कागदाची घडी केली. मी जिंकले होते. हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं, आणि देवाशपथ, मला ते जमलं असतं.

पण हरलेल्या माणसाला काहीतरी देऊन टाकायची घाई असते. सेक्रेटरीने पिशवीतून खोकं काढलं. "ते राहू दे. एक गोड काम करू या. मावशींच्या समाधानासाठी, काकांच्या नावाने सोसायटीतर्फे एक नाही, दोन चष्मे." आणि एक मास्तरांच्या हातात दिला, सोबत दोरीला बांधलेलं नवंकोरं फडकं. मास्तरांचा एक डोळा अजून गुलाबी होता. त्यांनी चष्मा लावून पाहिला, वा म्हणाले, फडक्याने डोळा टिपला आणि चष्मा शेजारी दिला. शेजारी दुसऱ्या मजल्यावरची ती पोरगी, जिचं सात महिन्यांचं बाळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा माझ्या मांडीवर असतं. तिने हसत हात पुढे केला.

"ठेव तो खाली," मी ओरडले. सव्वीस वर्षांत ज्या आवाजाने पोरं जागच्या जागी थिजतात तो आवाज. सगळी सभा थिजली.

मग सांगितलं. उभी राहून, सगळं. बटणं, रांग, सदऱ्याचा तुकडा, कात्री. "चष्मा चोरीला गेला नाही, मी काढला. साथ माझ्या पोरांनी आणली नाही. मास्तर घेऊन आले आणि मी टांगलेल्या फडक्याने ती सगळ्यांना वाटली. फडकं टांगायला नको होतं, आणि कळल्यावर पंधरा दिवस तोंड शिवून बसायला तर मुळीच नको होतं. माझं चुकलं." शेवटचे दोन शब्द मी यापूर्वी कधी बोलले होते ते आठवत नाही. ह्यांना विचारलं असतं तर तारीख सांगितली असती.

"म्हणजे शेवटी मूळ तुमच्याच घरात निघालं," सेक्रेटरी म्हणाला. डोळ्यात चमक आली मेल्याच्या.

"आई, बस आता," माझा वाघ मागून कुजबुजला.

मी बसले नाही. आत गेले आणि अकरा रुमाल आणून त्या बाईंपुढे ओळीने मांडले. त्यांनी एकेक बटण बघितलं. शिंपल्याच्या बटणावर जरा थांबल्या.

"फडकं तुम्ही उकळलंत, त्यामुळे आता तपासून काही सापडणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तारखा जुळतात, माणसं जुळतात. आणि घराघरात रुग्ण असताना अकरातली नऊ मुलं कोरडी राहिली ती या बटणांमुळे. बंदबिंद काही करू नका. उलट वरच्या चारही मजल्यांनी हे शिकून घ्या." मग सेक्रेटरीकडे वळल्या. "आणि तुम्ही जरा मोठं अक्षर काढत जा."

मी म्हटलं, "माझी माफी मी सगळ्यांसमोर मागितली. यांनी पाळणाघराची बदनामी लेखी केली, माफी लेखी हवी. फलकावर."

तिसऱ्या दिवशी सूचना क्रमांक तीस लागली. कागद अर्धा, अक्षर नेहमीपेक्षा बारीक. मुंगीच्या पायाएवढं नव्हे, मुंगीच्या पोराच्या पायाएवढं. संध्याकाळी सगळे खाली जमले आणि फलकापुढे मान पुढे-मागे करू लागले. नवे चष्मे सेक्रेटरीच्याच कपाटात होते, जुना माझ्या. सूनबाई दुकानातून आणलेला चष्मा कुठे ठेवला ते विसरली होती, निदान असं म्हणाली.

"काय लिहिलंय हो?" मास्तरांनी विचारलं.

सेक्रेटरी चौथ्या पायरीवर उभा होता. मी पदर खोचला, फलकासमोर उभी राहिले आणि उघड्या डोळ्यांनी वाचायला लागले. कागदावर होतं ते एवढंच: "पाळणाघराबाबत काही गैरसमज झाला असल्यास खेद आहे."

मी पाच मिनिटं वाचलं. त्यात पाळणाघर इमारतीचं भूषण असल्याचं होतं, सव्वीस वर्षांचा उल्लेख होता, वाहक हा शब्द सपशेल मागे घेतला होता, बेकरीवरून आणलेल्या बादल्यांबद्दल आभार होते, आणि ज्यांनी सह्या केल्या त्यांची, कंसात विचार करणाऱ्यांसकट, मजलेवार नावं होती. मध्ये एकदा सेक्रेटरी म्हणाला, "मावशी, एवढं मी," आणि सगळ्यांनी वळून त्याला गप्प केलं, कारण नर्सच्या सासूचं नाव यायचं होतं.

हे असते तर पेन्सिल काढून नीट केलं असतं. माझ्याकडे पेन्सिल नव्हती, मी तोंडी केलं.